मस्तीवर आलेले दोन उंट वाळूत भिडतात तेव्हा

प्रश्न: जैसलमेरकडच्या एका व्हिडिओत दोन नर उंट वाळूत झुंजताना पाहिले. एक जण दुसऱ्याच्या पुढच्या पायाला चावून त्याला खाली खेचत होता. तोंडातून फेस आणि लाल फुग्यासारखं काहीतरी बाहेर येत होतं. उंट तर थेंबन् थेंब पाणी जपणारा प्राणी, मग ही उधळपट्टी कशासाठी? ते एकमेकांना ठार मारतात का? आणि त्यांना सोडवता येतं का?

उत्तर: मी जनावरांचा सर्जन. नोकरीची बरीचशी वर्षं बिकानेर-जैसलमेर पट्ट्यात गेली आणि थंडीतलं माझं निम्मं काम या झुंजींनीच पुरवलं. त्यामुळे जरा लांबण लावतो.

व्हिडिओ पुन्हा लावून माणसांचे कपडे बघा. अंगावर शाली, डोक्याला फडकी गुंडाळलेली असणार. अशी झुंज मे महिन्यात बघायला मिळत नाही. राजस्थानातल्या ज्या फलोदीत मे २०१६ मध्ये पारा ५१ अंशांवर गेला, तिथल्या उन्हाळ्यात नर उंट मादीकडे ढुंकूनही बघत नाही. अंगातला टेस्टोस्टेरॉन उतरलेला असतो, वृषणं आक्रसलेली असतात आणि सगळं लक्ष पाणी वाचवण्यावर असतं. तहानलेला उंट दिवसा स्वतःचं तापमान चाळीस अंशांपर्यंत चढू देतो आणि रात्री ते चौतीसच्या आसपास उतरवतो. म्हणजे दिवसाची उष्णता घाम गाळून घालवायची नाही, साठवायची आणि रात्रीच्या गार हवेत सोडून द्यायची. असं काटेकोर जगणारं जनावर त्या दिवसांत भांडणावर काहीही खर्च करणार नाही.

डिसेंबर उजाडला की हिशेब बदलतो. बिकानेर, चुरूकडे रात्री पारा शून्याजवळ येतो. पावसाळ्यानंतरचा झाडपाला खाऊन वशिंड भरलेलं असतं. गार हवेत, ओला चारा मिळत असेल तर उंट आठवडेच्या आठवडे पाण्याशिवाय काढतो. वर्षातले हे तीन-साडेतीन महिनेच असे असतात की वाळवंट त्याच्याकडून रोजची वसुली करत नाही. तुम्हाला जी उधळपट्टी वाटते ती या सुगीतली आहे. वाळवंट कठोर आहे म्हणून ते भांडतात असं नाही. ते कठोरपणा थोडा सैल सोडतं तेवढ्यातच भांडून घेतात.

आता इतक्या त्वेषाने का? कारण माद्या कमी पडतात. कळपात माद्या दिसतात भरपूर, पण उंटिणीचा गाभणकाळ साधारण तेरा महिन्यांचा. त्यानंतर पिल्लू अंगावर पितं. म्हणजे एक उंटीण धरली तर ती एक हिवाळा आड मोकळी. साठ माद्यांच्या कळपात एका हंगामात तीसेकच गाभण राहण्याजोग्या, आणि त्याही सगळ्या त्याच तीन महिन्यांत. राईका, म्हणजे राजस्थानातले उंटपाळ, पिढ्यान् पिढ्या साधारण तीस ते पन्नास माद्यांमागे एकच नर ठेवत आले, कारण तेवढा पुरतो. बाकीचे नर निसर्गाच्या हिशेबात शिल्लक. तीन महिने गेले की पुढची संधी वर्षानेच, आणि तोवर आणखी कुणी तरुण नर वयात आलेला असतो.

चार-पाच वर्षांचा नर मस्तीवर, म्हणजे माजावर, येऊ लागतो खरा, पण खऱ्या अर्थाने उभा राहतो तो सहाच्या पुढे. तेव्हाच त्याचे सुळेही पूर्ण येतात. हे सुळे प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. उंट रवंथ करतो म्हणून लोक त्याला गाईच्या पंगतीला बसवतात. गाईला वरच्या जबड्यात पुढे दातच नसतात. प्रौढ नर उंटाच्या वरच्या जबड्यात प्रत्येक बाजूला सुळ्यासारखे तीन दात असतात: एक पटाशीचा, एक खरा सुळा आणि एक पुढची दाढ. तिन्ही टोकदार, मागे वळलेले. खालच्या जबड्यातही त्यांना जोडीदार. त्यामागे चघळण्यासाठी बनलेले ताकदीचे स्नायू. शाकाहारी असला तरी चाव्याच्या बाबतीत त्याच्याशी सलगी करू नये.

मस्तीवर आलेला नर दुरूनही ओळखू येतो. डोक्यामागे, कानांच्या मागच्या बाजूला मानेवर ग्रंथी असतात. त्यांतून डांबरासारखा काळपट, उग्र वासाचा स्राव पाझरतो आणि मानेचे केस चिकटून जातात. हा वास कपड्यांतून दोन धुण्यांत जात नाही. तोंडाला फेस, दातांची करकर. मागचे पाय फाकवून तो लघवी करतो, शेपटी त्यात भिजवतो आणि तीच शेपटी पाठीवर आपटत राहतो, म्हणजे सगळं शरीरच जाहिरातीचा फलक. खाणं जवळजवळ सुटतं. हंगाम संपेपर्यंत पाव वजन उतरलेले नर मी दरवर्षी बघायचो. जानेवारीत ज्याच्या जवळ जायची छाती होत नव्हती, त्याच्या बरगड्या एप्रिलमध्ये लांबूनच मोजून घ्याव्यात.

आणि तो लाल फुगा. त्याला डुल्ला म्हणतात. ती जीभ नाही आणि आतडंही नाही (दोन्ही तर्क मी पर्यटकांकडून ऐकले आहेत). मऊ टाळूची ती एक सैल घडी असते, फक्त नरात एवढी वाढलेली. हवा भरून नर ती तोंडाच्या एका बाजूने बाहेर लोंबवतो, आणि माठ पाण्यात बुडवल्यावर येतो तसा बुडबुड आवाज काढतो. आवाज लांबवर जातो. मादीला तो निरोप, दुसऱ्या नराला ताकीद.

ही ताकीद बहुतेक वेळा पुरते. बघणाऱ्याला वाटतं की दोन नर समोर आले की भिडलेच. प्रत्यक्षात ते आधी एकमेकांना नीट जोखतात. मान ताठ, डोकं वर, अंग आडवं धरून शेजारी-शेजारी चालतात, जेणेकरून समोरच्याला आपली पूर्ण लांबी-उंची दिसावी. डुल्ला निघतो, शेपटी आपटते, मानेचा वास वाऱ्यावर सोडला जातो. यात एकाला आपण कमी पडतोय हे कळलं की तो मान खाली घालून बाजूला होतो आणि चरायला लागतो. विशेष म्हणजे कळपात एक दांडगा नर ठाम बसला की उरलेल्या नरांची मस्तीच ओसरते. ग्रंथी वाळतात, डुल्ला दिसेनासा होतो. न लढता हरण्याची ही सोय शरीरातच आहे.

भिडंत होते ती दोघे तोडीस तोड असले तरच. मग मात्र ती बघवत नाही. पहिला डाव मानेचा. लांब मान प्रतिस्पर्ध्याच्या मानेवर टाकून, सगळं वजन देऊन खाली दाबायची. पाच-सहाशे किलोचं जनावर आहे हे लक्षात घ्या. दुसरा डाव पायाचा, तुम्ही पाहिलात तो. डोकं खाली घालून पुढच्या पायाला गुडघ्याजवळ चावा घ्यायचा आणि ओढायचं, म्हणजे समोरचा तीन पायांवर येतो. काही नर डोकं थेट दुसऱ्याच्या पोटाखाली, पायांच्या मधून घालून त्याला उचलून कलंडवू पाहतात. तिसरा डाव खाली पाडल्यावरचा. उंटाच्या छातीखाली बसण्यासाठी एक जाड, टणक गादी असते. पडलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या मानेवर किंवा बरगड्यांवर तो ही गादी टेकवून सगळ्या वजनासह बसतो. माणूस सापडला तर त्याच्याशीही हाच क्रम: आधी हात किंवा खांदा तोंडात, मग झटके, मग खाली टाकून छातीखाली.

वाळू इथे दोघांच्याही बाजूने असते. मऊ, पसरट पाय तिच्यात फारसा रुतत नाही आणि निसटतही नाही, पडलेल्याला मार कमी लागतो. खडकाळ माळावर किंवा डांबरी रस्त्यावर हीच झुंज झाली की पाय मोडून येतात.

माझ्याकडे येणाऱ्या केसेसमध्ये सर्वांत जास्त असायचा मोडलेला खालचा जबडा. हाड जिथे मोडतं ती जागाही जवळजवळ ठरलेली: सुळा आणि त्यामागच्या दाढांच्या मधला अरुंद भाग. तिथे हाड कमी, आणि त्यात सुळ्यांची लांब मुळं गेलेली. प्रतिस्पर्ध्याचा चावा बसला, लाथ बसली, किंवा स्वतःच चवताळून काहीतरी टणक चावलं की तिथे फट पडते. खालचा ओठ लोंबतो, लाळ गळते, पुढचे दात एका बाजूला सरकलेले दिसतात. मालक हवालदिल होतो, पण हे हाड चांगलं जुळतं. झायलाझीन हे गुंगीचं औषध देऊन उंटाला बसवतो. त्याला बसलेलाच ठेवायचा, आडवा केला तर पोटातलं पाणी घशात येऊन श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. मग स्टीलची तार सुळ्यांना आणि दाढांना फिरवून जबडा आवळून बांधायचा. सहा ते आठ आठवडे मऊ चारा, पातळ भिजवलेलं खाद्य, रोज तोंड धुणं. खरी डोकेदुखी संसर्गाची. तुटलेलं हाड तोंडात उघडं पडलेलं असतं आणि चाऱ्याचे तुकडे त्यात अडकून राहतात.

डुल्ल्यालाही इजा होते. बाहेर लोंबत असताना दातांत सापडला, किंवा सुजून परत आतच गेला नाही, तर काळा पडायला लागतो. मग कापून काढावा लागतो. कापल्यावर उंट खातो-पितो व्यवस्थित.

चाव्याच्या जखमा फसव्या. कातडीवर दोन-तीन छोटी भोकं, आत मात्र स्नायू चेंगरून लगदा झालेला. बाहेरून टाके घालून छान बंद केलेली अशी जखम चौथ्या दिवशी पुवाने फुगून येते. ती मोठी करून, मेलेला भाग काढून, भरपूर धुऊन उघडीच ठेवायची.

आता ठार मारण्याचा प्रश्न. मारू शकतात, मारलेही जातात. पण माझं स्पष्ट मत आहे की जीवघेण्या झुंजींमागे बहुतेक वेळा माणसाने केलेली मांडणी असते. मोकळ्या रानात हरणारा नर ओरडत पळतो, जिंकणारा थोडं अंतर पाठलाग करतो आणि माद्यांकडे परततो. माद्या सोडून लांब जाणं त्यालाच परवडत नाही. म्हणजे हरणाऱ्याचा जीव वाचतो तो पळायला जागा असते म्हणून. ती जागा आपण काढून घेतो. वाड्यात दोन नर एकत्र कोंडले, एकाचा पाय बांधलेला आणि दुसरा सुटलेला, पाठीवर पलाण किंवा मागे गाडा जोडलेला. ज्याला पळताच येत नाही त्याच्यावर जिंकणारा तुटून पडत राहतो. मी पाहिलेल्या सर्वांत वाईट जखमा खुल्या वाळूतल्या नव्हत्या, दाव्याला बांधलेल्या उंटांच्या होत्या.

पर्यटनाने यात भर घातली आहे. मालवाहतुकीसाठी आणि सवारीसाठी पूर्वीपासून नरच वापरतात, माद्या कळपात राहतात. देशातले उंट २०१२ च्या पशुगणनेत चार लाखांच्या घरात होते, ते २०१९ मध्ये अडीच लाखांवर आले. राजस्थानने २०१४ मध्ये उंटाला राज्यप्राण्याचा दर्जा दिला, तरी कळप आटतच गेले. त्या कळपांत नर कमी, जागा भरपूर. उलट सवारीच्या ठिकाणी नरांच्या रांगा, हातभर अंतरावर बांधलेल्या, आणि गर्दीचा हंगाम नेमका डिसेंबर-जानेवारी! जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूत नाताळच्या सुट्टीत जेवढे मराठी आवाज ऐकू येतात तेवढे एरवी कधी येत नाहीत, आणि मस्तीचाही ऐन भर तोच.

सोडवायचं कसं, याचं उत्तर म्हणजे भिडू न देणं. जाणते उंटवाले थंडी लागली की मस्तीच्या नराला मुसकं घालतात. रात्री पुढचा एक पाय गुडघ्यात दुमडून बांधतात, म्हणजे तो उठून धावू शकत नाही. दोन नरांमध्ये निदान हाकेचं अंतर ठेवतात, आणि वाऱ्याच्या दिशेला मादी बांधत नाहीत. नाकातल्या लाकडी खुंटीला, गिरबाणाला, हिसका देऊन मस्तीचा नर आवरेल या भ्रमात कुणी राहू नये. अंगात भिनलेलं असताना त्याला नाक फाटल्याचंही भान नसतं.

भिडलेच तर मधे जायचं नाही. ओळखीचा असला तरी नाही, लहानपणापासून हाताने वाढवलेला असला तरी मुळीच नाही. उलट हाताळलेल्या नराला माणसाचा धाक कमी असतो. आसपास मादी असेल तर आधी तिला हलवायचं, ज्या कारणासाठी पेटलंय ते नजरेआड करायचं. मग लांब काठ्या, आरडाओरडा, आणि जमलं तर मागच्या पायात दोरीचा फास टाकून चार-सहा जणांनी मागून ओढायचं. हरणाऱ्याच्या पळण्याच्या वाटेत उभं राहू नका. भेदरलेला पाचशे किलोचा उंट तुम्हाला वळसा घालून जाणार नाही.

तुर्कस्तानातल्या उंटांच्या कुस्त्यांबद्दलही लोक विचारतात. ती वाळवंटातली गोष्ट नाही, एजियन किनाऱ्याकडची आहे. सेल्चुकला जानेवारीत मोठा मेळा भरतो. तिथले पैलवान तुलू जातीचे, म्हणजे दोन वशिंडांचा बाप आणि एक वशिंडाची आई यांचा संकर, आपल्या उंटांपेक्षा कितीतरी अवजड. तोंडं दोरीने बांधलेली असतात, त्यामुळे चावा बाद होतो आणि मानेची रेटारेटी उरते. पळाला, पडला किंवा ओरडला की हरला. कुस्ती काही मिनिटांत आटोपती घेतात आणि दोरीवाल्यांची टोळी दोघांना ओढून वेगळं करते. खेळ म्हणून तो पुष्कळ बेतलेला आहे, तरी मला आवडत नाही. आपल्याकडे करमणुकीसाठी जनावरं झुंजवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच आहे. मेळ्यात कुणी मुद्दाम दोन नर समोरासमोर आणून पैसे गोळा करत असेल तर मोबाईल काढून चित्रण करण्याऐवजी पोलिसांना कळवा.

एक गोष्ट पशुवैद्यकाच्या नजरेतून सांगतो, कारण ती चुकली तर माणसं जातात. फेस, चवताळणं, चावे घेत सुटणं, खाणं सोडणं ही मस्तीची लक्षणं, आणि पिसाळलेल्या उंटाचीही हीच. रेबीज उंटाला होतो, कुत्रा किंवा कोल्हा चावून. हिवाळ्यात पिसाळलेला नर ‘मस्तीत आहे’ म्हणून सोडून दिला जाण्याचा धोका मोठा असतो. फरक शोधायचा तर असा: मस्तीच्या नराचं लक्ष माद्यांवर आणि नरांवर असतं, मानेच्या ग्रंथी ओल्या असतात, चाल ठाम असते. पिसाळलेला स्वतःलाच चावतो, पाय लटपटतात, गिळता येत नाही, आणि असला प्रकार मादीत किंवा लहान टोरड्यात, म्हणजे पिल्लात, दिसला तर मस्तीचा प्रश्नच येत नाही. त्याचप्रमाणे हंगामानंतर एखादा नर वजन धरेचना, अंगावर सूज, अधूनमधून ताप, तर ‘झुंजीने थकलाय’ म्हणून बसू नये. रक्त तपासून सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवीचा आजार, आहे का बघावं. तिकडे त्याला तिबरसा म्हणतात.

विदर्भातल्या वाचकांसाठी: कच्छचे रबारी मेंढ्या आणि उंट घेऊन तुमच्या भागात फिरतात. थंडीत त्यांच्या तांड्याजवळ फोटो काढायला जाल तर आधी त्यांना विचारा की मस्तीचा नर कोणता. ते बोटाने दाखवतील. त्याच्यापासून लांब राहा, त्याच्यात आणि उंटिणींत येऊ नका. सवारीला जाताना मान काळपट ओली आहे, तोंडाला फेस आहे, बुडबुड आवाज येतोय, यांपैकी काहीही दिसलं तर दुसरा उंट मागा. पैसे गेले तरी चालतील.

चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद-तंबाखू काही भरू नका. दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन आणि रेबीजची लस दोन्हींबद्दल विचारा, आणि बाहेरून जखम लहान दिसली तरी एक्स-रे काढून घ्या. उंटाच्या तोंडात सापडलेल्या हाताचं हाड भोकांच्या खाली मोडलेलं निघणं ही नेहमीची गोष्ट आहे. डॉक्टर लगेच टाके घालू लागले तर चावा उंटाचा आहे हे त्यांना पुन्हा एकदा ठासून सांगा.